शब्दचर्चा : बेस गिटारच्या ‘टोन’ला आपल्याकडे काय म्हणायचं?

ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर. बेस गिटार वाजवतो.

धान कापून झाला की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात आणि गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. मंचाच्या पुढ्यात ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड असतं; त्यांच्या बाजूला मी बेस गिटार घेऊन बसतो. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, मग लग्नं. ज्यांच्याशी मला रोज आवाजाबद्दल बोलावं लागतं ते सगळे मराठीच बोलतात, आणि नेमकं तेव्हाच माझ्याजवळ शब्द नसतो.

गेल्या मोसमातली गोष्ट. पहिला अंक सुरू झाला आणि मला माझीच गिटार ऐकू येईना. साउंडवाल्याला खूण करून म्हटलं, “भाऊ, बेस वाढवा जरासा.” त्यानं मान हलवली आणि मिक्सरवर सगळ्या आवाजाचा बेस वाढवला. डग्गा फुगला, ऑर्गनच्या खालच्या पट्ट्या फुगल्या, बाईंचं गाणं त्यात बुडालं आणि गिटार होती तिथंच राहिली. मध्यंतरापर्यंत नुसतं गुबगुब, नंदीबैल दारात आल्यासारखं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, मी बोललो तेच त्यानं केलं. रात्री दोन वाजता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान चढवताना मला वाटलं, आधी हे शब्द सरळ करायला हवेत.

तर विचारतो. ‘टोन’ला, म्हणजे आवाजाच्या गुणाला, शब्द कोणता? तार पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीवर, झणझणते तिला काय म्हणायचं? हातानं दाबून आवाज तोडतो त्याला? आणि ‘बेस’ हा शब्द ठेवायचा की सोडायचा?

पुसदकडून. साउंड आणि मंडपाचा व्यवसाय.

बेसचं आधी सांगतो, कारण रोज त्रास मला होतो. आमच्या धंद्यात बेस म्हणजे डबा. गिऱ्हाईक विचारतं, “चार बेस चार टॉपचे किती घेता?” तिथं बेस म्हणजे खालचा मोठा स्पीकर, आत अठरा इंची. दुसरा बेस मिक्सरवरचा नॉब. तिसरा तुमचं वाद्य. चौथा ढोलवाला म्हणते तो, “माह्या ढोलाले बेस नाही येऊन राह्यला.” मंचावरून कोणी ओरडलं की या चारातला कोणता, हे मला त्याच्या तोंडाकडं पाहून ओळखावं लागतं. माझी विनंती एवढीच की वाद्याला नुसतं ‘गिटार’ म्हणा. कार्यक्रमात दुसरी गिटार असेल तर ‘मोठी गिटार’ म्हणा. मी चॅनेलवर पांढरी टेप लावून तेच लिहितो.

आता तुमची गिटार का ऐकू आली नाही ते. तुमची सगळ्यात जाड तार, ई, ४१ हर्ट्झवर वाजते, म्हणजे सेकंदाला ४१ वेळा थरथरते. साध्या गिटारची ई ८२ वर, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. ४१ हर्ट्झ गावच्या भाड्याच्या डब्यातून निघत नाही, निघालं तरी उघड्या मैदानात विरून जातं. माणसाला ऐकू येतात ते त्याच्या वरचे स्वर, ८२, १२३ वगैरे, आणि खालचा स्वर कान स्वतःच जुळवून घेतो. म्हणून खालून कितीही फुगवा, गिटार पुढं येत नाही. ती पुढं येते ७००-८०० हर्ट्झच्या आसपास थोडं उचललं की. तिथं बोटाचा आवाज असतो.

आणखी एक. जनरेटरवर कार्यक्रम असला की काही गिटारींतून हमिंग येते. आपली लाइट ५० हर्ट्झची, आणि तुमच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी स्वर ४९ चा. म्हणजे हमिंग अगदी तुमच्या स्वराला खेटून बसते, आणि हॅलोजन लागले, जनरेटर दबला की तीही खाली सरकते. वादकाला वाटतं गिटार बेसूर झाली. अशा वेळी खुंट्या पिळू नका, आधी तार सोडून नुसतं ऐका.

दर्यापूर तालुका, जि. अमरावती. भजनी मंडळात तबला.

आमच्याकडं ‘बेस’चा पाचवा अर्थ हाय भाऊ. “बेस झालं” म्हणजे छान झालं. माह्या आजीच्या तोंडात दिवसातून दहा वेळा. तो फारसी ‘बेश’, ‘कमीबेश’मधला. वाद्याचा बेस इटालियन ‘बासो’च्या कुळातला, म्हणजे खालचा. अन् पाया या अर्थाचा इंग्रजी ‘बेस’ मूळ ग्रीक. तिघांचं नातं नाही, पण लोकं बेस म्हणजे पाया असंच समजतात, आणि वाद्याचं कामही पायाचंच असते, म्हणून चूक खपून जाते.

बाकी शब्द तुम्ही बाहेर काहून शोधता? तुमच्या शेजारी डग्गा ठेवला हाय ना! डग्ग्यावर हात मारून उचलला की बोल खुला, हात ठेवला की बोल बंद. ‘घे’ खुला, ‘क’ बंद. तुम्ही तार छेडून लांबू देता तो खुला स्वर, बोट हलकं करून तोडता तो बंद. आम्ही पोट्ट्यांले पहिल्या महिन्यात हेच शिकवतो. मारल्यावर आवाज मागं राहते ती आस. “डग्ग्याले आस नाही” म्हटलं की पुडी बदलायची वेळ झाली. तुमच्या जुन्या तारा मेल्या की हेच होते, आस जाते आणि वाद्य बद्द वाजते. मडकं घेताना बाया टिचकी मारून पाहतात तोच बद्द.

आणि खाली जो गोल आवाज फिरते तो घुमारा. पारवा घुमते, विहिरीत हाक मारली की घुमते, डग्गा घुमते. साउंडवाल्या भाऊले सांगायचं, घुमारा कमी करा, आस राहू द्या. या दोन वेगळ्या गोष्टी हायेत अन् नॉबही वेगळे हायेत.

वर्धा. सतार शिकवते.

‘आस’ला माझाही दुजोरा, तंबोऱ्यालाही आम्ही तोच शब्द वापरतो. पण ‘बद्द’बद्दल थोडं थांबावं. बद्द म्हणजे दोष, तडा गेलेल्या भांड्याचा आवाज. काही वादक मुद्दाम आखूड, मऊ आवाज ठेवतात. डेट्रॉइटच्या ध्वनिमुद्रणांवर बेस वाजवणारे जेम्स जेमरसन सपाट वेष्टणाच्या तारा वापरत, त्या बदलत नसत, आणि घोडीवरच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरच्या, झाकणाखाली फोम ठेवून आस तोडत. उजव्या हाताच्या एका तर्जनीनं वाजवत. त्या आवाजाला बद्द म्हणणं अन्याय होईल. तो ‘मऊ’ किंवा दर्यापूरचे दादा म्हणतात तसा ‘बंद’ बाज आहे.

‘बाज’ मी जपून लिहिला. कोणी टोनला बाज म्हणेल, पण बाज म्हणजे वाजवण्याची रीत. दिल्ली बाज, पूरब बाज म्हणतो तेव्हा हात कसा चालतो ते सांगतो, आवाजाचा गुण नव्हे.

आणि पडद्यावर झणझणणाऱ्या तारेला कृपा करून ‘जवारी’ म्हणू नका. हे मी दोनतीन ठिकाणी ऐकलं आणि जिवाला लागलं. जवारी कमवावी लागते. मिरजेचे कारागीर घोडीची पाठ कानसून, तार पुन्हा पुन्हा छेडून, कान लावून ती काढतात. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती उघडतो. तार घोडीच्या पाठीला अलगद चाटून जाते आणि एका स्वरातून सगळे स्वर उमलतात. तुमच्या वाद्यावर घडतं ते वेगळं, तार नको त्या पडद्याला आपटते. त्याला आम्ही सरळ ‘तार पडद्याला लागते’ म्हणतो. दोषाला दोषाचंच नाव असावं.

मात्र बिनपडद्याच्या बेसला जवारीचा शब्द शोभतो. तिथं पडद्यांऐवजी सबंध लाकडावर तार टेकते, स्वर हळूहळू फुलतो, सरकला की गातो. जॅको पास्टोरियस यांचा आवाज तसा आहे, आणि ते एका जुन्या फेंडर जॅझ बेसवर वाजवत, पडदे काढलेल्या. तिथं मला जवारीची आठवण होते.

तार का लागते तेही सांगते, कारण आपल्या हवेचा यात मोठा हात आहे. मे महिन्यात हवा कोरडीठाक होते, दांडी सुकून सरळ व्हायला लागते आणि सुरुवातीच्या पडद्यांना तार लागते. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, दांडी तारांच्या ओढीनं पुढं वाकते, तारा उंच होतात आणि बोटं दुखतात. सतारीला आम्ही कापडात गुंडाळून सांभाळतो. तुमच्या दांडीत तर लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि नंतर एक दिवस वाट पाहावी.

पुन्हा ब्रह्मपुरी.

ताई, जवारीबद्दल लिहिलंत ते मनाला पटलं. मीही तो शब्द चुकीचा वापरत होतो.

खुला-बंदमध्ये मला एक तिसरा हवाय. एक तार वाजते तेव्हा बाकीच्या तीन गप्प ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या आपोआप थरथरून घाण करतात. मी उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखाली आवाज पकडणारा भाग) रोवून न ठेवता खालच्या तारांवर टेकवत नेतो. ए तार वाजवताना अंगठा ईवर, डी वाजवताना ए-ईवर. हे ‘बंद’ नाही, कारण या तारा वाजलेल्याच नाहीत. यांना ‘मुक्या’ म्हणावं का? बंद हा स्वर, मुकी ही तार. आणि स्वर न लावता नुसता ठोका मारतो, लिहिताना फुली मारतात, तो ‘मुका ठोका’. काही जण इंग्रजीवरून ‘भूतस्वर’ म्हणतात, ते गावात कुणाला सांगायची माझी हिंमत नाही, आणि त्यातून काही कळतही नाही.

अंगठ्यानं तार आपटणं आणि बोटानं खालून उचलून सोडणं, याला मी ‘थाप’ आणि ‘उचल’ म्हणतो. ही रीत अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम यांची. ते आईबरोबर वाजवत, ड्रमवाला राहिला नाही, म्हणून अंगठ्यानं मोठ्या ढोलाचं आणि उचलीनं छोट्या ढोलाचं काम त्यांनी तारांवर घेतलं. दर्यापूरच्या दादांना हे लगेच कळेल. डग्ग्यावरची थाप आणि तबल्याच्या चाटीवरचा, म्हणजे काठावरचा, ‘ना’ एकाच वाद्यात आले.

पण टोन अजून राहिलाच.

हिंगणघाट तालुका, जि. वर्धा. कापूस, तूर. ऐकणारा आहे, वाजवत नाही.

मी दोन दिवस वाचतो आहे. तुम्ही सगळे शब्दाच्या अवतीभवती फिरलात. ‘पोत’ म्हणा. कापडाचा पोत हात फिरवून कळतो, आवाजाचाही पोत असतोच, गाण्यावर लिहिणारे तो वापरतातही. माझं कारण मात्र शेतीचं आहे. जमिनीचा पोत काही जन्मजात असतो. काळी कसदार ती काळीच, बरड ती बरडच. पण शेणखत घातलं, फेरपालट केली, तर पोत सुधारतो, आणि वर्षानुवर्षं कपाशीवर कपाशी घेतली तर बिघडतो. गिटारचं लाकूड, तारा, पिकअप ही जमीन झाली. बोट कुठं लावता, किती दाबता, कधी सोडता ही मशागत. ‘टोन’ म्हटलं की माणसं नॉब फिरवायला धावतात. पोत म्हटलं तर हाताकडं बघतील.

पुसदकडून.

हे पटलं. मी अजून एक जोडतो. ७००-८०० उचलल्यावर जो स्वर सुटासुटा ऐकू येतो त्याला गवई ‘दाणेदार’ म्हणतात ना, दाणेदार तान म्हणतात तसं? मला कोणी “गिटार दाणेदार करा” म्हणालं तर कुठं हात घालायचा ते मला कळेल. “बेस द्या” म्हणालं तर नाही कळत.

दर्यापूर.

दाणेदार बेस हाय! आजीच्या अर्थानं.

ब्रह्मपुरी.

काल तालमीत करून पाहिलं. पहिल्यांदा बोटं दांडीच्या टोकाजवळ ठेवली, मग घोडीकडं चार बोटं सरकवली. नॉब एकही हलवला नाही. दांडीकडं तार सैल लागते, स्वर गोल येतो, घुमारा जास्त. घोडीकडं ती ताठ असते, बोटाला टोचते, वरचे स्वर पुढं येतात आणि दाणा दिसतो. हिंगणघाटच्या भाऊंचा शब्द वापरून तबलजीला विचारलं, “कोणता पोत बरा?” त्यानं क्षणभरही न थांबता सांगितलं, “गाण्यात पहिला, लढाईच्या प्रवेशात दुसरा.” एवढ्या वर्षांत त्यानं माझ्या आवाजावर मत दिलं ते पहिल्यांदा, कारण विचारायला शब्द मिळाला.

मग आम्ही दोघांनी केरवा ताल धरला. धा गे न ति, न क धि न. ‘धा गे’वर त्याचा डग्गा खुला असतो, तिथं मी स्वर बंद ठेवला, आखूड. ‘न ति न क’मध्ये डग्गा घुमत नाही, तिथं तार खुली सोडली आणि आस भरू दिली. ‘धि’ला परत बंद. साउंडवाला तालमीला आला नव्हता, मिक्सरवर कोणीच नव्हतं, आणि गुबगुब कुठंच नव्हतं.

आता पुढचं विचारतो. माझ्याकडं पाच तारांची गिटार येते आहे, पाचवी बी, ३१ हर्ट्झच्या जवळपास. तिला आमचे ऑर्गनवाले काका आधीच ‘खर्ज’ म्हणायला लागले. ताई, चालेल का?

वर्धा.

काटेकोर बोलायचं तर खर्ज म्हणजे षड्ज, ‘सा’. षचा ख झाला आणि षड्जाचा खरज, खर्ज. तंबोऱ्याच्या चार तारांत शेवटची खर्जाची, ती ‘सा’लाच मिळवलेली असते. तुमची बी दर गाण्यात ‘सा’ असणार नाही. पण “त्याचा आवाज खर्जातला आहे” असं आपण कोणत्याही खोल आवाजाला म्हणतोच, तेव्हा शब्द कधीच पसरला आहे. ऑर्गनवाल्या काकांना म्हणू द्या. फक्त गाणं बीच्या पट्टीत असेल त्या दिवशी त्यांना सांगा, आज खरोखरच खर्ज आहे.