रंगपंचमीला जुन्या नाशकात हॉस्टेलवर राहावं का?

सोलापूरची_अ

नमस्कार मंडळी. रंगपंचमीला नाशिकला यायचा विचार पक्का झालाय. एकटीच येतेय. सोलापुरात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते, त्यामुळे वाडे, चौक, खांब दिसले की पाय हलत नाही. पेशवेकालीन रहाडींबद्दल, म्हणजे रंगपंचमीला उघडतात त्या रंगाच्या दगडी हौदांबद्दल, खूप ऐकलंय, त्या उघडताना बघायच्या आहेत. स्वतः उडी मारायची हौस नाही.

रात्रीला सातशेच्या वर जाणार नाही. ॲपवर पंचवटी आणि जुन्या नाशकात दोन-तीन हॉस्टेलं दिसतायत, 'हेरिटेज वाड्यात राहा' असं लिहिलंय, फोटो देखणे आहेत. एका बेडचे पाचशे-साडेपाचशे. आई म्हणते, एकटीने अशा ठिकाणी राहू नकोस, सरळ धर्मशाळा बघ. एका भक्तनिवासात फोन केला तर "एकट्या बाईला खोली नाही" म्हणून ठेवून दिला. कुणी राहिलंय का अशा जागी? नेमकं काय बघून बुकिंग करू?

कॉलेजरोडकर

नका राहू. गल्लीत रिक्षा येत नाही, पार्किंग नाही, पहाटेपासून घंटा आणि भोंगे. त्यात सिंहस्थ २०२७ ची कामं, आज हा रस्ता खोदलेला, उद्या तो. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला साधं हॉटेल घ्या, थोडे पैसे जास्त जातील पण झोप होईल. सकाळी रिक्षाने जाऊन बघून या.

रात्रपाळी

कॉलेजरोडकर, झोपेचं तुम्ही बोललात ते खरं. बाकीचं नाही पटत. ज्यांना वाडा बघायचाय त्यांना गंगापूर रोडच्या फ्लॅटटाईप हॉटेलात पाठवून काय उपयोग?

मी नाशिकरोडला प्रेसमध्ये होतो, आता निवृत्त. भाच्याने पंचवटीत काळारामाच्या मागच्या अंगाला एक वाडा भाड्याने घेऊन हॉस्टेल काढलंय. रात्री काउंटरला मी बसतो. नाव सांगत नाही, जाहिरात वाटायला नको. आणि तसंही रंगपंचमीला आमच्याकडे जागा उरलेली नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

ताई, फोटो आणि स्टार बाजूला ठेवा. वाड्यातल्या हॉस्टेलात तुमची रात्र कशी जाणार ते वाडाच ठरवतो, म्हणून फोन करून वाड्याबद्दल विचारा. पहिलं म्हणजे बेड माजघरात आहे की माडीवर. आमच्या धंद्यात काय करतात, माजघरात लोखंडी दुमजली पलंग घुसवतात. ज्याने वाडा बांधला त्याने माजघर पाटावर बसून जेवायला आणि खाली गादी घालून झोपायला बांधलं. जमिनीपासून सहा फुटांवर कुणी झोपेल हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं. वरच्या पलंगावरचा माणूस पहाटे दचकून उठला की कपाळ थेट तुळईला. काउंटरच्या फ्रिजमध्ये मी बर्फाचा एक ट्रे त्यासाठीच ठेवतो, आणि तो वाया जात नाही. तेव्हा खालचा बेड मागा. नसेल तर दुसरीकडे बघा.

माजघराच्या भिंती दोन-अडीच हात जाड. आत गारवा छान, मार्चात पंखासुद्धा लागत नाही रात्री, पण मोबाईलला रेंज नाही. लोक वायफायसाठी ओसरीवर येऊन बसतात आणि मग माझ्याशी गप्पा मारतात. माडीवर रेंज येते. मात्र माडीवर कौलं आहेत की पत्रा, हे विचाराच. पत्रा असेल तर दुपारी तिथे पाठ टेकवत नाही.

आता संडास-बाथरूम. मूळ वाड्यात ते परसात असतं. काहींनी आत बांधून घेतलंय, काहींनी नाही. नसेल तर रात्री चौक ओलांडून, खिट्टी काढून जावं लागतं. "अटॅच आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "बेडपासून बाथरूमला जाताना उघड्यावरून जावं लागतं का" असं विचारा. उत्तर द्यायला समोरचा थांबला की समजून जा.

एक गोष्ट कुणी विचारत नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाहेर पडायला दार किती? लाकडी खांब, लाकडी कडीपाट, त्यावर नव्या वायरी ओढून गिझर, प्रत्येक पलंगाला चार्जिंगचा बोर्ड. आमच्याकडे परसातून मागच्या बोळात निघणारं दार आहे आणि त्याला रात्री कुलूप लावायचं नाही यावरून माझं आणि भाच्याचं कडाक्याचं भांडण झालंय. कुलूप नाही लागत. आतून अडसर आहे, कुणीही काढू शकतो. काही ठिकाणी मात्र पुढचा दिंडी दरवाजा एवढीच वाट असते, तोही अकराला बंद करून पोरगा किल्ली उशाशी घेऊन झोपतो. अशा जागी फुकटसुद्धा राहू नका.

आवाजाचं सांगतो. आमच्याकडे दिवस चारला उजाडतो. रामकुंडावर अस्थी विसर्जनाला, दशक्रियेला बाहेरगावची माणसं येतात, खानदेशातून, मराठवाड्यातून, रात्रीच्या गाडीने उतरून. निम्मं गिऱ्हाईक आमचं तेच. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून चौकातल्या पेरूच्या फांदीला गाठोडं बांधून ठेवतात आणि खालीच कट्ट्यावर कुणीतरी बसून राहतं. शेजारच्या खोलीत पुण्या-मुंबईची मुलं गिटार घेऊन आलेली असतात, सुला वाईनयार्ड बघून. त्यांना मी आल्याआल्या झाड दाखवून ठेवतो. अजून तरी कुणी वाद घातला नाही. तुम्हाला हे नको वाटत असेल तर नदीच्या पलीकडे, रविवार कारंजा-सराफ बाजाराच्या बाजूला बघा. तिथली वर्दळ दुकानांची, ती रात्री थांबते.

तुमच्या कामासाठीही ती बाजू बरी. तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन या रहाडी तिकडेच, पायी फिरता येतात. शनी चौकाची तेवढी पंचवटीत. तुम्ही ड्राफ्टिंग करता म्हणून सांगतो, रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटातला दगडी हौद. वर्षभर त्यावर लाकडं आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून गाड्या जातात, नव्या माणसाला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीच्या आधी खणून मोकळा करतात, साफ करतात, फुलं-पानं उकळून रंग तयार करतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. पूजा झाली की उड्या सुरू, त्याला आमच्याकडे धप्पा मारणं म्हणतात. खरी गंमत तुमच्यासाठी आदल्या दिवशी आहे. हौद रिकामा असताना आतलं बांधकाम दिसतं. रंग पडला की फक्त डोकी दिसणार.

दिंडोरीची_सून

रात्रपाळी काकांनी बरंच सांगितलं, बायकांच्या बाजूने मी थोडं सांगते. परीक्षांच्या निमित्ताने मी अशा हॉस्टेलांत राहिलेय.

"फीमेल डॉर्म" लिहिलेलं असतं, पण गर्दीच्या दिवशी बेड उरले की एखाद्या कुटुंबाला तिथेच घुसवतात, सोबत काका, मामा सगळे. रंगपंचमीला तर नक्कीच. त्यामुळे बुकिंग झाल्यावर मेसेज करून लेखी घ्या की खोलीत फक्त बायकाच असतील. व्हॉट्सॲपवरचं उत्तरही पुरे, दारात वाद झाला तर दाखवायला होतं.

आधारची झेरॉक्स सगळीकडे मागतात. मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. काही काउंटरवाले ते चालत नाही म्हणतात, मग ड्रायव्हिंग लायसन्स पुढे करायचं. तुम्ही सोलापूरच्या, त्यामुळे तुम्हाला अडचण येणार नाही, पण मला एका ठिकाणी "लोकल आयडी चालत नाही" म्हणून रात्री साडेनऊला दारातून परत पाठवलं होतं. दिंडोरीची बाई नाशकात कशाला राहतेय, असा त्याचा चेहरा. असा काही कायदा नाही, त्यांच्या घरचा नियम. तेव्हा नात्यातल्या कुणाला सोबत घेणार असाल आणि ती नाशिकची असेल तर आधी विचारून घ्या.

कुलूप स्वतःचं न्या. लॉकर असतो, कुलूप नसतं, आणि काउंटरवर विकत मिळतं ते दुप्पट भावाने. (काका, तुमच्याकडे पण का?)

कॉलेजरोडकर

दिवसा बघून रात्री झोपायला इकडे, हा माझा सल्ला कायम आहे. पण आदल्या दिवशी रिकामी रहाड बघायचं मला इतकी वर्षं नाशकात राहून सुचलं नव्हतं. यावेळी मुलाला घेऊन येतो.

सोलापूरची_अ

किती उपयोगी पडलात सगळे! मी लगेच फोन लावले. पंचवटीतल्या एका जागेला दाराबद्दल विचारलं तर "मॅडम, तुम्ही फायर ऑफिसर आहात का" म्हणाला. ती सोडली. पलीकडे भांडी बाजाराजवळ एक आहे, दोन दारं, खालचा बेड, बायकांची खोली, बाथरूम आतच. त्या दिवसाचे आठशे सांगतायत, एरवी पाचशे. शिवाय चादरीचं डिपॉझिट तीनशे. चादरीचं डिपॉझिट कशासाठी? आणि आठशे जास्त नाहीत का?

रात्रपाळी

आठशे त्या दिवसाला रीतसर आहेत. आम्हीही तेवढेच घेतो. मात्र जीएसटी धरून की वेगळा, ते आत्ताच विचारून घ्या, जाताना हिशेब बदलतो.

डिपॉझिटवर चिडू नका, घ्या समजून. रहाडीचा रंग तीन-चार दिवस अंगावरून जात नाही. माणूस आंघोळ करून स्वच्छ वाटतो, रात्री घाम आला की चादरीवर पाठीचा नकाशा. भाचा त्या दिवशी पांढऱ्या चादरी कपाटात कोंडतो आणि मागच्या सालच्या डागाळलेल्या काढतो. तुम्ही आल्याआल्या काउंटरला सांगा, मला जुनीच चादर द्या, डिपॉझिट परत करा. ऐकतील. जुनी लुंगी किंवा ओढणी आणली तर उशीवर टाका. तुम्ही उडी मारणार नाही म्हणता, पण तिवंध्यात उभं राहून कोरडं कुणी परत आलेलं मी पाहिलं नाही.

पाण्याचं बघा. सगळं गाव एकाच वेळी अंग घासतं आणि वाड्यावरची टाकी दुपारनंतर कोरडी पडते. परतल्यावर आधी आंघोळ, मग जेवण. उलटं केलंत तर बादलीभर पाण्यावर भागवावं लागेल.

सोलापूरच्या गाडीतून उतरलात की रिक्षा रविवार कारंजापर्यंतच ठरवा. आत गल्लीत नेतो म्हणेल आणि सराफ बाजाराच्या तोंडाशी उतरवेल. सामान पाठीवरचं असू द्या, चाकांची बॅग फरशीवर अडकते.

रेखाटायला बसायचं असेल तर सकाळी सहा ते आठ. सरकारवाडा तुमच्या बेडपासून पायी आहे. सुंदरनारायणाचं देऊळ होळकर पुलापाशी, १७५६ चं, त्याची कोरीव बाजू सकाळच्या उन्हात बघा. पूल ओलांडून गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, उतरलात की नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं. तिथली घंटा पोर्तुगीजांची आहे, वसईच्या विजयानंतर आणलेली, तिच्यावर १७२१ साल आहे. जवळच नदीत दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? मार्चात तो कोरडाच असतो, हवं तेवढं रेखाटत बसा. काळारामाला गेलात तर नुसता काळा दगड बघून येऊ नका. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू केला, आणि तो १९३५ पर्यंत चालला. फोटो काढणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ते ठाऊक असतं.

आणि हो, सूनबाई, कुलूप आमच्याकडेही दुप्पट भावाने मिळतं. भाच्याचं काम ते, मी बोललोय त्याला.

दिंडोरीची_सून

बघा! 😄

सोलापूरची_अ, आईला हॉस्टेलचा लँडलाईन नंबर देऊन ठेवा. माजघरात रेंज नसली की त्यांचा जीव टांगणीला लागेल.

सोलापूरची_अ

केलं बुकिंग. आठशे, जीएसटी धरून. लँडलाईन नाही म्हणाले, काउंटरवाल्या मुलाचा मोबाईल दिलाय, तो ओसरीवरच बसतो म्हणे. आईने त्याला फोन करून त्याचं गाव, शिक्षण सगळं विचारून झालंय.