मदत हवी आहे : कल्याण स्थानक परिसराच्या पुनर्विकासाबाबत ठाण्याचा अनुभव

सप्रेम नमस्कार. कल्याण पश्चिमेला स्थानकासमोर उन्नत मार्गाचे काम हाती घेतले गेले असून, आमच्या सोसायटीतील काही रहिवासी त्याविषयी महापालिकेला द्यावयाचे निवेदन तयार करीत आहेत. ठाणे पश्चिमेला ‘सॅटिस’ (स्थानक परिसर वाहतूक सुधारणा) योजनेत बस वरच्या डेकवर नेऊन, तो डेक पादचारी पुलांना जोडून, रिक्षा खाली ठेवण्यात आल्या. तेथून रोज ये-जा करणाऱ्यांनी कृपया सांगावे, की गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना फलाटावरून बसपर्यंत पोहोचणे खरोखर सोपे झाले का, आणि पावसाळ्यात डेकखालच्या रस्त्याची अवस्था कशी असते? (नकाशावर सारेच प्रशस्त दिसते, म्हणून हा प्रश्न.)

दुसरी अडचण कायदेशीर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. मात्र २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण आणि विक्री क्षेत्रांची आखणी होणेही अपेक्षित आहे. तेव्हा भाजीवाल्यांसाठी पर्यायी जागेची मागणी निवेदनात नेमक्या कोणत्या शब्दांत मांडावी? असे निवेदन पूर्वी कोणी दिले असल्यास त्याचा मसुदा पाहावयास मिळाला, तर फार उपकार होतील.