आकाशगंगा बघायला वीकेंड कॅम्प: उंच पठार की तळ्याकाठ?

भटकी_मैना

नमस्कार मंडळी, खूप दिवसांपासून मनात आहे की एकदा नीट अंधारात जाऊन वृश्चिक-धनुकडचा आकाशगंगेचा जाड पट्टा डोळे भरून बघायचा, आणि आता एप्रिलमधला एक वीकेंड जमतोय. मी, बहीण, मेव्हणे आणि दोन भाचरं असे पाच जण. मोठी भाची ११ वर्षांची आहे, तिलाच सगळ्यात जास्त उत्साह. टेलिस्कोप नाही, १० बाय ५०ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) बायनॉक्युलर आहे फक्त.

जागा दोन आहेत डोक्यात आणि त्यातच अडकलेय. एक म्हणजे उंच पठार, चहूबाजूंनी मोकळं, गाडी थेट वर जाते, मोठ्या शहरापासून ३५ किमी, आणि शहर पठाराच्या दक्षिणेला येतं. दुसरी तळ्याकाठची जागा, त्याच शहरापासून ७० किमी लांब, उत्तरेला १५ किमीवर एक छोटं शहर आहे पण मध्ये डोंगराची धार आडवी येते, आणि दक्षिणेकडे नुसतं पाणी आणि पलीकडे जंगल. प्रकाश प्रदूषणाच्या नकाशावर दोन्हींचा रंग जवळपास सारखाच दिसतोय. ओळखीतले सगळे म्हणतायत उंचावर जा, उंचावर आकाश स्वच्छ असतं.

अजून एक, अमावस्या मंगळवारी येतेय, मग आधीचा शनिवार धरू की नंतरचा?

रातवा

पठार नको. उंची, रस्ता, मोकळं क्षितिज सगळं मान्य, पण शहर दक्षिणेला आहे हे तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि माझ्या मते निकाल तिथेच लागला. उत्तर गोलार्धातून वृश्चिक-धनु दक्षिणेकडेच दिसतात आणि फार वर चढतही नाहीत, म्हणजे जे बघायला एवढ्या लांब जाणार ते तुम्ही शहराच्या ग्लोमधून, म्हणजे आकाशात पसरलेल्या उजेडातून बघणार. पठारावर डोक्यावरचं आकाश छान काळं असेल, उत्तरेला सप्तर्षी झकास दिसतील, आणि नेमका हवा तो भाग पांढुरका.

आता नकाशावर रंग सारखा का दिसतो ते सांगतो, कारण यात भलेभले फसतात. बहुतेक नकाशांमधला वर्ल्ड ॲटलसचा लेयर तुमच्या बरोबर डोक्यावरचं आकाश किती उजळ आहे ते दाखवतो, क्षितिजाचं काहीच सांगत नाही. दुसरा लेयर असतो तो उपग्रहावरच्या व्हिअर्स सेन्सरचा, तो तर फक्त जमिनीवरून सरळ वर किती उजेड येतोय एवढंच मोजतो, आणि ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश त्याला दिसतच नाही. पांढऱ्या एलईडीमध्ये निळा भरपूर असतो आणि हवेत तोच जास्त विखुरतो. त्यामुळे जुने पिवळे दिवे काढून एलईडी बसवलेलं शहर त्या लेयरवर आधीपेक्षा अंधारं झाल्यासारखं दिसू शकतं आणि प्रत्यक्षात आकाश उलट जास्त उजळलेलं असतं. २०२३ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, जगभरातल्या हौशी लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५० हजारांहून जास्त नोंदींवरचा, त्यात २०११ ते २०२२ दरम्यान आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतोय असं निघालं. म्हणजे आठेक वर्षांत दुप्पट! त्यामुळे नकाशा कुठल्या वर्षाचा आहे तेही बघत जा.

अंतराचा एक ठोकताळा आहे, मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलेला: शहरापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याचा ग्लो निम्मा नाही होत, साडेपाच पटीपेक्षा जास्त कमी होतो. तुमचं ३५ आणि ७० अगदी दुप्पटच आहे. शिवाय तळ्याकडच्या छोट्या शहराचा ग्लो उत्तरेला, म्हणजे तुमच्या पाठीमागे, आणि त्याचे थेट दिवे धारेच्या आड. यापेक्षा चांगली मांडणी शोधून सापडणार नाही.

कुठलीही जागा निवडताना आधी ठरवायचं काय बघायचंय, ते कुठल्या दिशेला येतं, मग नकाशावर त्या दिशेला रेघ ओढून १०० किमीपर्यंत कुठलं मोठं शहर येतं का ते बघायचं. रंग त्यानंतर.

उत्तररात्र

तारखेचं मी सांगते. अमावस्येनंतरचा शनिवार घ्या.

एप्रिलमध्ये धनुकडचा भाग रात्री उशिरा उगवतो आणि बघण्याइतका वर यायला मध्यरात्र उलटते, म्हणजे तुमचा खरा वेळ एक ते साडेचार. अमावस्येच्या आधीच्या शनिवारी गेलात तर चंद्राची कोर पहाटे सूर्याच्या दोनेक तास आधी उगवणार, म्हणजे ऐन मोक्याच्या वेळेच्या शेवटी. नंतरच्या शनिवारी ती संध्याकाळी पश्चिमेला असेल आणि सूर्यास्तानंतर तीन-साडेतीन तासांत मावळून जाईल, पुढची सगळी रात्र मोकळी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही महिन्याचं गणित तोंडी होतं. हेच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतं तर मी आधीचा शनिवार सांगितला असता, कारण तेव्हा तो पट्टा अंधार पडल्या पडल्याच वर असतो. आणि सुरुवातीला कोर आहे ते बरंच, भाचरांना बायनॉक्युलरमधून तिच्यावरचे खड्डे दाखवता येतील.

आणि सूर्य मावळला म्हणजे अंधार झाला असं नसतं, तो क्षितिजाखाली १८ अंश गेला की खरा काळोख. घाईनं "काहीच दिसत नाहीये" म्हणू नका.

दुर्बीणवाला

रातवा, दिशेचं पटलं पण तळ्याकाठ म्हणताना एक गोष्ट सुटतेय, दव. पाण्याला लागून, खोलगट जागेत, वारा पडलेल्या स्वच्छ रात्री काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच माहीत. रात्री थंड झालेली हवा जड असते, उतारावरून घरंगळत खाली येऊन तळाशी साचते, त्यात पाण्याचा दमटपणा, दीड-दोन वाजता टेंट ओला, चटई ओली, बायनॉक्युलरची पुढची काच पांढरी, आणि धुकं उतरलं तर विषयच संपला. त्यांची बघायची वेळच एक ते साडेचार आहे! पठारावर वारा असतो, काच कोरडी राहते.

शिवाय पाच जणांत दोन मुलं आहेत, मुलांना उल्का जास्त आवडतात. एप्रिलमध्ये २२ तारखेच्या आसपास लायरिड उल्कावर्षाव असतो, तुमचा शनिवार त्याच्या जवळपास आला तर उल्कांसाठी चारी बाजूंनी मोकळं आकाश हवं. तिथे पठारच जिंकतं. माझं मत, भैरवी म्हणून तळं ठेवा पण मुक्काम पठारावर.

रातवा

दवाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, मी लिहायला हवं होतं. पण त्यावर उपाय आहे आणि दक्षिणेच्या शहरावर नाही. काठावर राहू नका, काठापासून थोडं वर चढा, उतारावर मध्ये कुठेतरी. थंड हवा खाली साचते आणि धुक्याचा थरही बऱ्याचदा पाण्यालगतच असतो, तीस-चाळीस मीटर वर गेलं तरी फरक पडतो. दक्षिणेकडे उतरणारा उतार असेल तर समोर पाणी आणि पाठीशी धार, अजून काय पाहिजे. मात्र धार फार जवळ घेऊ नका, ध्रुवतारा झाकला जाईल. अंदाज घ्यायचा तर हात पूर्ण लांब करून मूठ धरा, मुठीची रुंदी साधारण १० अंश. दक्षिणेला समोरची झाडं एका मुठीच्या आत राहिली तर बिनधास्त राहा. त्याच्या खालचं तसंही विशेष दिसत नाही, १० अंशावरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा साडेपाच पट हवेतून येतो.

काचेसाठी काळ्या जाड कागदाची नळी करून पुढच्या भिंगांवर बसवा, भिंगाच्या रुंदीच्या दीडपट पुढे येईल एवढी. वापरात नसताना बायनॉक्युलर जाकिटाच्या आत. पुसू नका, ओली काच पुसली की ओरखडे.

उल्कांबद्दल, लायरिड सहसा तासाला १५-२०च्या वर जात नाहीत आणि त्यांचा उगम अभिजित ताऱ्याजवळ, तो ईशान्येकडून वर येऊन उत्तररात्री बराच उंच असतो. उतारावरूनही पुरेशा दिसतील.

भटकी_मैना

किती सविस्तर सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! आज दिवसा जाऊन तळ्याची जागा बघून आले. उतारावर एक सपाट मोकळी जागा आहे, दक्षिणेला झाडं मुठीच्या आतच, उत्तरेची धार अडीच-तीन मुठींवर त्यामुळे ध्रुव जाणार बहुतेक, पण चालेल. जागेच्या मालकांची परवानगी घेतली, पाण्याची सर्वात वरची खूण कुठे आहे तेही त्यांनी दाखवलं, आमची जागा तिच्या बरीच वर आहे. फोनला रेंज टेंटपाशी नाही पण रस्त्यावर येते.

एकच अडचण, शंभरेक मीटरवर त्यांची खोली आहे आणि तिच्यावर एक उघडा दिवा रात्रभर चालू असतो, जनावरांसाठी ठेवावाच लागतो म्हणतात. एका दिव्यानं एवढं काय बिघडणार?

उत्तररात्र

बिघडतं, आणि लांबच्या शहरापेक्षा जास्त बिघडू शकतं. आकाश त्यानं उजळणार नाही, पण तुमचे डोळे अंधाराला सरावणार नाहीत. अंधारात पाहणाऱ्या पेशी बऱ्यापैकी तयार व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, पुढेही हळूहळू सुधारत राहतं, आणि उघड्या पांढऱ्या दिव्याकडे एकदा नजर गेली की बरंचसं पुन्हा पहिल्यापासून. दिवा बंद करायला सांगू नका, त्यांची गरज खरी आहे. तुम्ही आडोसा करा. गाडी अशी लावा की झोपून बघताना दिवा गाडीमागे जाईल, किंवा दोन काठ्यांना गडद चादर बांधा. दिवा थेट डोळ्यात यायचा थांबला की काम झालं.

गाडीचा आतला लाईट दार उघडल्यावर लागतो तो आधीच बंद करून ठेवा, डिकीचा सुद्धा. हेडलॅम्पवर लाल कागदाचे दोन-तीन थर लावा, आणि लाल असला तरी मंदच हवा, लाल म्हणून भगभगीत चालतो असं नाही. मोबाईलचं आकाश दाखवणारं ॲप भाचीला आधी घरी वापरू दे, तिथे नको.

मुलांना नऊला झोपवा आणि एकला उठवा. अंधाऱ्या टेंटमधून उठताना डोळे आधीच सरावलेले असतात, तुमच्यापेक्षा त्यांनाच आधी दिसेल.

दुर्बीणवाला

बरं, उतारावरच्या जागेला माझी हरकत नाही, पठार मागे घेतो :) ढगांचा अंदाज बघताना खालचे, मधले, वरचे ढग वेगवेगळे दाखवणारं बघा, वरचे पातळ ढग नुसत्या एका आकड्यात कळत नाहीत आणि आकाशगंगा पुसायला तेवढे पुरतात.

भाचीसाठी यादी देतो, बायनॉक्युलर हातात आली की पहिल्यांदा विंचवाच्या नांगीकडे न्या. नांगीच्या किंचित डावीकडे एक धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसेल, तो एम ७, ताऱ्यांचा गुच्छ. बायनॉक्युलरमध्ये त्याचे सुटे तारे होतात, आणि त्याच दृश्यात थोडा वर उजवीकडे छोटा गुच्छ एम ६ पण मावतो, दोन्ही एकदम बघायला मिळणं ही १० बाय ५०ची खरी मजा, मोठ्या टेलिस्कोपमध्ये ते जमत नाही. मग तिथून वर, धनुमधले तारे किटलीसारखे दिसतात, तिच्या तोटीच्या वरच्या बाजूला, एम ८, लॅगून नेब्युला म्हणजे तेजोमेघ. सरळ त्याच्याकडे रोखून बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा, डोळ्याच्या अगदी मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या पेशी नसतात त्यामुळे तिरकं बघितलं की अंधूक वस्तू चटकन उमटते. हे ११ वर्षांच्या मुलीला एकदा जमलं की ती पुढे तुम्हालाच शिकवेल.

हात थरथरतात, म्हणून पाठीवर झोपून कोपर जमिनीला टेकवा.

भटकी_मैना

यादी वहीत लिहून घेतली, भाचीनं विंचवाचं चित्रही काढलंय शेजारी. चादर आणि काठ्या गाडीत टाकल्या. एक शेवटचं, आकाश खरंच किती अंधारं होतं हे कळायला काही सोपं माप आहे का? ध्रुवमत्स्यातले तारे मोजतात म्हणे, पण आमचा ध्रुवच धारेमागे जातोय.

रातवा

संध्याकाळी थोडं चालत रस्त्यावर जाऊन मोजता आलं तर मोजा, ध्रुवमत्स्यातले सातही तारे दिसले तर साधारण पाचव्या प्रतीपर्यंतचे (प्रत जेवढी मोठी तेवढा तारा मंद) तारे दिसतायत म्हणजे मुलांना घेऊन जायला उत्तम आकाश. नाहीतर आकाशगंगेवरूनच ठरवा. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची जी मोजपट्टी दिली (पहिली सगळ्यात अंधारी) त्यात चौथ्या पायरीला आकाशगंगा दिसते पण अगदी ठळक गोष्टी सोडल्या तर तिच्यातले बारकावे नाहीत. तिसऱ्या पायरीपासून तिच्यातल्या काळ्या फटी आणि गुंते दिसायला लागतात. धनुपासून हंस तारकासमूहाकडे जाताना पट्टा मध्येच दुभंगलेला नुसत्या डोळ्यांनी दिसला तर समजा जागा राखून ठेवण्यासारखी आहे, आणि मालकांना पुढच्या अमावस्येचं आताच सांगून ठेवा.