ऑटिझमचं खापर आयांवर फोडणाऱ्यांना उत्तर

विश्रामबागची आई: काल इथे एकाने लिहिलं, "हल्लीच्या आया पोरांच्या हातात मोबाईल देतात, म्हणून ऑटिझम (स्वमग्नता) वाढलाय." खाली अंगठ्यांचा पाऊस. १९६७ साली अमेरिकेतल्या ब्रूनो बेटेलहाइम या मानसतज्ज्ञानेही आईच्या थंडपणालाच दोष दिला होता. मग १९७७ मध्ये फोलस्टीन आणि रटर या संशोधकांनी ब्रिटनमधल्या, निदान एकाला तरी ऑटिझम असलेल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या (जनुकं जवळपास तीच असलेल्या) जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम निघाला, १० भिन्न (साध्या भावंडांइतकीच जनुकं जुळणाऱ्या) जोड्यांपैकी एकीतही नाही. तेव्हा मोबाईल कुठे होता? पुढे अँजेलिका रोनाल्ड या संशोधिकेने १९९४ ते १९९६ मध्ये जन्मलेल्या हजारो जुळ्यांमध्ये ऑटिझमसारखी लक्षणं मोजली. निदान नसलेल्या मुलांतही ती कमीजास्त सापडतात आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

माझा मुलगा सांगली स्टँडवर प्रत्येक एसटीची पाटी वाचतो, हाक मारली तर वळत नाही. माझे सासरे ताटात आमटी भाताला लागली की ताट सारून उठायचे. त्यांना कोणता मोबाईल दिला होता?

मिरजकर: जुळी एकाच घरात वाढतात. मग घराचा परिणाम कसा वगळणार?

विश्रामबागची आई: भिन्न जुळीही एकाच घरात वाढतात. म्हणून तर दोन्हींची तुलना करतात.

मिरजकर: बरं, हे मानलं. पण आम्ही मोबाईल बंद केल्यावर पोरगं बोलायला लागलं, हे डोळ्यांनी पाहिलंय.

विश्रामबागची आई: बंद करा की, मीही केलाय. पण ऑटिझम त्यानेच झाला, हे त्यातून कसं निघतं?

कराडचा मामा: आनुवंशिक म्हटलं की तुम्ही सुटलात, ताई. आमच्या भाच्याचं निदान झालं आणि भाचीचं ठरत आलेलं स्थळ फिरलं. "घराण्यातच आहे" म्हणाले. आई-बाप रात्रभर जागे होते. तुमच्या जुळ्यांना हे काय कळणार!

वाईची लेक: मामाच्या मुली करून घेता, मग हेच होणार. बंद करा ती लग्नं.

कराडचा मामा: आमच्यात तसं लग्नच झालेलं नाही. न विचारता शिक्का मारू नका!

रहिमतपूरचा मास्तर: वाईच्या बाई, नात्यातल्या लग्नाचा धोका काही आजारांत खरा आहे, पण हे कोडं तेवढ्याने सुटत नाही. इथे असंख्य जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. काही बदल तर आई-बापांत नसतात, मुलातच नव्याने होतात. अशा वेळी घराणं कुठून काढणार?

वाईची लेक: तो भाग मला ठाऊक नव्हता. तरी नात्यातली लग्नं नकोतच.

कराडचा मामा: मास्तर, हे स्थळवाल्यांना कोण समजावणार? मोबाईलचं कारण सांगितलं असतं तर पोरीचं लग्न झालं असतं.

विश्रामबागची आई: आणि तिच्या आईनं जन्मभर ऐकून घ्यायचं, "तूच पोराचं वाटोळं केलंस"? मामा, मी सासरी ते ऐकलंय. जावेनं बारशाला बोलवायचं बंद केलं होतं. तुमच्या बहिणीला ते ऐकायला लावू नका.

कराडचा मामा: बहिणीला कुणी बोललेलं मला चालणार नाही, एवढं मान्य. पण पुढच्या स्थळाला काय सांगू?

विश्रामबागची आई: खरं तेच सांगा, आणि बघायच्या कार्यक्रमाला भाच्याला शेजारी बसवा. ज्यांना उठायचं ते तेव्हाच उठतील.