ठुशीखाली बारीक साखळी : दागिन्यांचे थर घरातूनच का रचू नयेत?

नौपाड्याची लेक (धागाकर्ती)

गळ्यात एकाखाली एक दोन-तीन साखळ्या आणि एकाच बोटात तीन-चार बारीक अंगठ्या, ही पद्धत आता महाविद्यालयांपासून लग्नघरांपर्यंत रुजली आहे. ठाण्यात गोखले रस्त्यावर आणि राम मारुती रस्त्यावर त्यासाठी तयार संचही मिळतात. तिन्ही साखळ्या एकाच हुकात जोडलेल्या आणि त्यांच्यातले अंतर आधीच ठरलेले. माझे ठाम मत आहे की, असा संच घेतल्याने कोणाचाही पेहराव स्वतःचा होत नाही. ज्या घरात ठुशी, मोहनमाळ किंवा आजीची एकदाणी, म्हणजे मण्यांची एकपदरी माळ, डब्यात पडून आहे, त्या घरातील मुलीने थर रचायला तिथूनच सुरुवात करावी.

आपल्याकडे गळा पूर्वीपासून थरांनीच भरत आला आहे. गळ्यालगत ठुशी किंवा चिंचपेटी, त्याखाली बोरमाळ, मग मोहनमाळ आणि सर्वांत खाली पुतळीहार किंवा लक्ष्मीहार. यातला प्रत्येक दागिना आपापल्या उंचीवर बसतो आणि हेच तत्त्व रोजच्या कुर्त्यावरही लागू पडते. ठुशीला मागे सरकती दोरी असल्यामुळे ती हवी तितकी वर घेता येते. ती गळ्याच्या खळीपाशी बसवावी, तिच्याखाली साधारण 18 इंचांची बारीक साखळी घालावी आणि वाटल्यास 22 ते 24 इंचांची एकच लांब माळ सोडावी. दोन थरांत किमान दोन इंचांचे अंतर नसेल, तर ते एकमेकांवर चढतात आणि कोणताच धड दिसत नाही. मंगळसूत्र रोज घालणाऱ्यांनी तोही एक थर धरूनच बाकीच्या लांब्या ठरवाव्यात.

वाशीची वाचक

आपले अंतराचे गणित मला मान्य आहे, पण मूळ सूचना मान्य नाही. पारंपरिक दागिना हा सुटा तुकडा नसतो. कोल्हापुरी साज घ्या: त्यात 21 पाने असतात, त्यांतील दहा दशावतारांची आणि आठ अष्टमंगलांची मानली जातात, म्हणजे तो दागिना स्वतःच एक पूर्ण रचना आहे. त्याच्याखाली नावाच्या आद्याक्षराचे पदक लटकवले, तर पाने झाकली जातात आणि पाहणाऱ्याला काहीच नीट कळत नाही. गुढीपाडव्याला ठाण्यात कौपिनेश्वर मंदिर परिसरातून निघणाऱ्या स्वागतयात्रेत नऊवारीवर जो साज शोभतो, तो त्या संपूर्ण पेहरावामुळे शोभतो. कार्यालयात जाताना तो साखळ्यांच्या गर्दीत घालण्यापेक्षा एक बारीक साखळी पुरेशी आहे.

नौपाड्याची लेक

साजाबाबत आपले म्हणणे मी मान्य करते. भरगच्च दागिन्याखाली थर देऊच नये. मात्र ठुशी आणि एकदाणी यांना हा नियम लावणे मला पटत नाही. हे दोन्ही दागिने मुळात इतरांच्या सोबतीने घालण्याचेच आहेत, त्यामुळे ते वर्षातून एकदाच डब्याबाहेर काढायचे ठरवले, तर पुढच्या पिढीला त्यांची नावेसुद्धा ठाऊक राहणार नाहीत.

खारकर आळी

माझा या व्यवसायाशी जवळचा संबंध आहे, म्हणून हौसेपेक्षा टिकाऊपणाविषयी लिहितो. जुन्या बोरमाळेचे मणी बहुधा पातळ सोन्याच्या पत्र्याचे असतात आणि आत लाख भरलेली असते. त्यावर दिवसभर धातूची साखळी घासत राहिली, तर पत्रा झिजतो, मण्यांना पोचे पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. दोऱ्यात ओवलेली माळ घामाने कुजते. रोज घालायची असेल, तर दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडून वेळोवेळी नव्याने गाठवून घ्यावी. मोती तर फारच मऊ असतो, अत्तर आणि घाम यांनी त्याचे पाणी जाते, म्हणून मोत्यांचा तन्मणी सर्वांत शेवटी घालावा आणि सर्वांत आधी उतरवावा.

नवीन साखळी घेणार असाल, तर रोजच्या वापराला 18 कॅरेट बरे, कारण 22 कॅरेटपेक्षा ते टणक असते. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण असलेल्या, सोन्याच्या दागिन्यांवर एचयूआयडी हा अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा ओळख क्रमांक असणे बंधनकारक आहे, तो भिंगातून पाहून घ्यावा. तीन बारीक साखळ्यांवर तीनदा घडणावळ द्यावी लागते, हेही खरेदीपूर्वी लक्षात असू द्यावे.

ऐरोली–ठाणे रोजची

गळ्याविषयी बरेच लिहून झाले, पण अंगठ्यांविषयी कोणीच बोलले नाही. मी ठाणे आणि नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या लोकल गाडीने प्रवास करते आणि गर्दीत आधाराची दांडी घट्ट धरावी लागते. अशा वेळी एका बोटात चढवलेल्या तीन अंगठ्यांपैकी एखादी कशात अडकली, तर बोटाला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे रोज गाडीने जाणाऱ्या स्त्रीला हा थाट सुचवणे मला मुळीच योग्य वाटत नाही. स्वतःची ओळख दाखवण्यासाठी एक नीट निवडलेली अंगठी पुरते.

नौपाड्याची लेक

ताई, प्रवासाबाबत आपला इशारा रास्तच आहे. अंगठ्या पर्समध्ये ठेवून मुक्कामी पोहोचल्यावर घालाव्यात, असे मीही म्हणेन. पण त्यासाठी ही रचनाच नाकारण्याची गरज नाही. तीन अंगठ्या मिळून एका रुंद अंगठीसारख्या बसतात आणि बोट आवळतात, म्हणून त्यांचे माप नेहमीपेक्षा किंचित सैल घ्यावे आणि सर्व अंगठ्या एकत्र चढवूनच ठरवावे. दुपारी उकाड्याने बोटे थोडी सुजतात, त्यामुळे सकाळच्या मापावर विसंबू नये. हिऱ्याच्या अंगठीशेजारी मोत्याची अंगठी कधीही चढवू नये, कारण हिऱ्याच्या कडेने मोत्यावर ओरखडे येतात. आईचे साधे वळे, म्हणजे बिनखड्याची अंगठी, मधोमध आणि दोन्ही बाजूंना बारीक अंगठ्या, बाकी सारी बोटे मोकळी, एवढेच मला सुचवायचे आहे. त्या वळ्यावर वर्षानुवर्षांच्या वापराने आलेली गुळगुळीत झिलई कोणत्याही तयार संचात विकत मिळत नाही.

वाशीची वाचक

वळ्याचे पटले, आणि ठुशीखाली साखळी घालून पाहायलाही माझी हरकत नाही. साज मात्र मी दुसऱ्या कोणत्याही दागिन्याशिवायच घालीन.