फ्रेम बुटकी केली तर आतल्या खिडक्यांनी किती आक्रसायचं?

सातपूरकर:
सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनचे प्रोग्राम मी इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहितो. एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या इमॅक्सच्या अख्ख्या चौकटीत, एकाखाली एक तीन खिडक्या: वर प्रोग्राम, मध्ये टूल ऑफसेटची (प्रत्येक टूलच्या मापाच्या दुरुस्तीची) यादी, तळाला माझ्या टिपा. परवा खाली ड्रॉइंग दिसावं म्हणून फ्रेमची कड माउसने वर ओढली. ऑफसेटच्या खिडकीत एकच ओळ उरली, ती तिसऱ्या टूलची. मी चौथ्याची समजून आकडा घातला आणि जॉब वाया गेला.
खिडकीची किमान उंची मुळातच ४ ओळी ठरलेली आहे. खिडकी दुभागताना इमॅक्स ती पाळतो, मग फ्रेम ओढताना का नाही? माझं म्हणणं स्पष्ट आहे: तीन खिडक्यांच्या १२ ओळी आणि तळाची संदेशाची एक, अशा १३ ओळींवर फ्रेमने अडायला हवं.

पंचवटीकर:
नुकसान झालं ते वाईटच, पण हा उपाय मला पटत नाही. फ्रेम किती मोठी ठेवायची हे शेवटी विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या चौकटींची मांडणी करणारा प्रोग्राम, ठरवतो. एडिटर किमान मापाची फक्त विनंती करतो. मी टायलिंगवाला मॅनेजर वापरतो, तो पडदा स्वतःच वाटून देतो आणि अशा विनंत्या बहुधा बाजूला सारतो. एडिटर १३ ओळींवर अडून बसला आणि जागा ९ ओळींचीच मिळाली, तर खालचा भाग कापला जाईल. संदेशाची ओळ नेमकी तिथेच असते! त्यापेक्षा आक्रसलेलं बरं. विम या दुसऱ्या एडिटरमध्ये ही मर्यादा १ ओळ आहे, ती शून्यही करता येते. मग फक्त स्टेटस लाइन (फाइलचं नाव दाखवणारी पट्टी) उरते, पण फाइल उघडी आहे हे डोळ्यांना कळतं.

जुना वापरकर्ता:
इमॅक्स २४ च्या आधी, म्हणजे २०१२ पूर्वी, मर्यादेहून बुटकी झालेली खिडकी सरळ काढून टाकली जायची. मजकूर बफरमध्ये (एडिटरच्या मेमरीत) शाबूत असे, पण मांडणी मोडायची. त्या मानाने आज बरं आहे: आधी ४ ओळी राखायचा प्रयत्न होतो, नाहीच जमलं तर १ ओळीपर्यंत उतरतो. सातपूरकर, इमॅक्समधला विनर मोड चालू ठेवा, आधीची मांडणी परत आणता येते.

गंगापूर रोड:
मी मराठी अनुवाद करते. मुळात हा ४ चा आकडाच फसवा आहे. उंची मोजतात फ्रेमच्या मूळ फॉन्टच्या ओळीने, आणि त्यात मोड लाइनही (खिडकीच्या तळाची माहितीची पट्टी) धरलेली असते. म्हणजे मजकुराला ३ ओळी. देवनागरी फॉन्ट त्याहून उंच असला, तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून जेमतेम २ ओळी दिसतात. आधी ही मर्यादा वाढवा, अडायचं की आक्रसायचं ते नंतर बघू.

सातपूरकर:
ताई, टिपांच्या खिडकीत माझंही अगदी हेच होतं. पंचवटीकर, कापलं जाण्याचा मुद्दा मान्य. पण आमच्याकडे टायलिंग नाही, माउसने ओढतात, तिथे अडवणं शक्य आहे आणि ते व्हावं. मशीनवर चुकीचा आकडा गेला तर टूल मोडतं. तोवर ऑफसेटची यादी वेगळ्या फ्रेममध्ये ठेवतो.

पंचवटीकर:
वेगळी फ्रेम चांगलीच. पण ओढणारा हात तुमचाच होता ना? माणसाने जितकी लहान केली, तितकी ती व्हायलाच हवी.