रजेवर गेलेल्या माणसाला फोन लागलाच पाहिजे का?

धागाकर्ती, बेळगाव

जे घडले ते आधी थोडक्यात सांगते. मी बेळगावातील एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहते. पावसाळ्यात तीन दिवसांची रजा रीतसर मंजूर करून घेऊन आम्ही घरची मंडळी कणकुंबीला गेलो होतो. जाण्यापूर्वी मी सगळी कामे सहकाऱ्याकडे सोपवली, कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि कोणते कागद कुठे आहेत हे एका वहीत दोन पाने भरून लिहून ठेवले. जांबोटी मागे पडली की रेंज येऊन-जाऊन असते, हे त्या रस्त्याने चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मलप्रभेच्या उगमाचे दर्शन घेऊन निघालो, तेव्हा एका वळणावर अचानक रेंज आली आणि अकरा मिस्ड कॉल एकदम दिसले. घरी कोणाचे काही बरेवाईट झाले असेल, हाच पहिला विचार मनात आला. एक पाऊल मागे सरकले तरी आवाज तुटत होता, म्हणून मैलाच्या दगडाला टेकून, एका हातात छत्री धरून मी पाऊण तास तिथेच उभी राहिले आणि मुले गाडीत बसून डब्यातल्या गार भाकऱ्या खात होती. काम एवढेच होते की एका ठेवीदाराच्या मुदत ठेवीचे कागद कोणत्या फाइलीत आहेत, ते विचारायचे होते. ते वहीच्या दुसऱ्या पानावर लिहिलेले होते. ते सांगून झाल्यावर, 'आता फोन लागलाच आहे, तर' असे म्हणून आणखी चार गोष्टी विचारल्या गेल्या, ज्या सोमवारपर्यंत थांबल्या असत्या तरी कोणाचे काहीही अडले नसते.

आपण सीमाभागातील लोक एक गोष्ट विसरलो आहोत, असे मला वाटते. बेळगाव मोबाइल सेवेच्या कर्नाटक सर्कलमध्ये, म्हणजे विभागात, आणि कोल्हापूर, गोवा दुसऱ्या सर्कलमध्ये असल्यामुळे कोगनोळी नाका ओलांडला किंवा घाट उतरला की येणाऱ्या फोनचेही पैसे पूर्वी लागत. 'मी रोमिंगमध्ये आहे' एवढे तीन शब्द उच्चारले की पलीकडचा माणूस 'बरं, मग परत आल्यावर बोलू' म्हणून फोन ठेवत असे. त्यात कोणाला उद्धटपणा वाटत नसे, कारण समोरच्याचे पैसे जातात ही जाणीव फोन करणाऱ्याला होती. रोमिंगचे दर गेले ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र फोन लावण्याआधी क्षणभर थांबून 'हे विचारणे आज गरजेचे आहे का' असे स्वतःला विचारण्याची सवयही त्यांच्याबरोबर गेली.

माझे म्हणणे असे आहे की रजेवरच्या माणसाने फोन उचलावा की नाही, हा नंतरचा प्रश्न आहे. तो फोन लावावा की नाही, हे आधी लावणाऱ्याने ठरवले पाहिजे आणि ती जबाबदारी त्याचीच आहे. आपणास काय वाटते?

उद्यमबागेतील फाउंड्रीचालक

ताई, आपल्या पाऊण तासाबद्दल मला सहानुभूती आहे, परंतु आपला निष्कर्ष मला मान्य नाही. कागद सोमवारपर्यंत थांबतो, भट्टी थांबत नाही.

माझ्या छोट्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, चौदा माणसे काम करतात आणि एकच इलेक्ट्रिशियन आहे. त्याच्या गावी महालक्ष्मीची यात्रा होती. कित्येक वर्षांनी भरणारी यात्रा, घरी पाहुण्यांची रीघ, त्यामुळे मी आनंदाने रजा दिली. तिसऱ्या दिवशी इंडक्शन भट्टीत लोखंड वितळलेले असताना वीज गेली. वीज गेली तरी भट्टीच्या कॉइलमधून, म्हणजे तिच्याभोवतीच्या पोकळ वेटोळ्यातून, पाणी फिरत राहिले पाहिजे, कारण आतल्या धातूची उष्णता हजार अंशांहून कितीतरी अधिक असते आणि पाणी थांबले तर कॉइलच धोक्यात येते. आमच्याकडे वरच्या टाकीतून पाणी सोडण्याची सोय आहे, पण कोणता व्हॉल्व्ह उघडायचा आणि कोणता बंद करायचा, याबद्दल त्या क्षणी कोणालाच खात्री नव्हती. मी त्याला सहा वेळा फोन लावला. यात्रेतल्या ढोलांच्या आवाजात त्याला ऐकू येत नव्हते, तरी सहाव्या वेळेला त्याने उचलला आणि तीन वाक्यांत काम झाले. त्याने फोन बंद ठेवला असता, तर धातू भट्टीतच थिजला असता, आतले अस्तर फोडून काढावे लागले असते आणि चौदा घरांची किती दिवसांची मजुरी बुडाली असती, याचा विचार करावा. तो माझ्यावर रागावला नाही. उलट रात्री त्यानेच फोन करून 'सगळं ठीक झालं का' म्हणून विचारले. ज्याला आपण बंधन म्हणता, त्याला तो जबाबदारी म्हणतो.

धागाकर्ती, बेळगाव

काका, तुमचा सहा वेळचा फोन आणि मला आलेले अकरा फोन मी एका तागडीत घालणार नाही. तुम्ही फोन लावण्याआधी गरज ओळखली होती आणि तेवढेच माझे मागणे आहे. परंतु तुमच्याच लेखनातील एक गोष्ट मला खटकली. पाण्याचा व्हॉल्व्ह कोणता, हे ज्ञान चौदा माणसांच्या कारखान्यात एकाच माणसाच्या डोक्यात होते. तो माणूस यात्रेला गेला होता म्हणून निदान फोन तरी लागला. तोच रुग्णालयात असता तर? रजेवरच्या माणसाने फोन उचलून अनर्थ टाळला याचे कौतुक जरूर व्हावे, पण ती वेळ का आली, याचे उत्तर त्याच्या फोनमध्ये सापडणार नाही.

निपाणीचे एक ज्येष्ठ वाचक

आपण सर्वजण कार्यालय आणि कारखान्याबद्दल बोलत आहात. घरी वाट पाहणाऱ्या माणसांबद्दल कोणी बोलेना, म्हणून लिहितो.

मी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो, आता घरीच असतो. मुलगा पुण्याला नोकरी करतो. मागच्या वर्षी तो मित्रांबरोबर काश्मीरला गेला. विमानात बसताना त्याने फोन केला, त्यानंतर तीन दिवस फोन बंद. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या रात्री जेवण टाकले, दुसऱ्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही. बातम्यांमध्ये तिकडे दरड कोसळल्याचे दाखवत होते आणि ती जागा मुलाच्या मुक्कामापासून किती लांब, हे आम्हाला कळण्यास मार्ग नव्हता. चौथ्या दिवशी त्याने हॉटेलच्या फोनवरून बोलणे केले आणि सांगितले की बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. ही गोष्ट त्याला श्रीनगरला उतरल्यावर समजली. मग तीन दिवस हॉटेलमध्ये फोन नव्हता का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, 'बाबा, सुट्टीवर होतो, लक्षात आलं नाही.'

कामाच्या फोनपासून सुटका हवी, हे मला समजते. पण आजकालची मुले कामाचा फोन आणि आईबापांचा फोन यांत भेद करत नाहीत. वैतागून एकच बटण दाबतात आणि दोघेही बाहेर राहतात. सुट्टीवर गेलेल्याने दिवसातून एकदा 'पोहोचलो, जेवलो, ठीक आहे' एवढे कळवणे हा शिष्टाचाराचाच भाग आहे आणि त्यात आमचा हक्क आहे, असे मी मानतो.

चिकोडीतील शिक्षक

या विषयावर इतर देशांत कायदे झाले आहेत, त्यांची माहिती देतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. पोर्तुगालने २०२१ मध्ये मालकांवरच बंधन घातले, की तातडीचे कारण नसेल तर विश्रांतीच्या वेळेत कामगाराशी संपर्क साधायचा नाही. ऑस्ट्रेलियात अशी तरतूद २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत या हक्काचे खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात, वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा लिहिली गेली, तेव्हा रजेवर गावी गेलेल्या माणसाला गाठायचे तर तार करावी लागे. रजेत त्याला त्रास देऊ नये, असे वेगळे लिहिण्याची गरजच कोणाला भासली नसावी.

पोर्तुगालची रचना मला अधिक योग्य वाटते, कारण तिथे ओझे फोन करणाऱ्यावर आहे. फोन न उचलण्याचा हक्क नुसता कागदावर दिला, तर नवीन नोकरीला लागलेला मुलगा तो वापरण्याचे धाडस करणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठराव केला की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. मुलांच्या अभ्यासासाठी केलेली ही व्यवस्था आहे, रजेशी तिचा थेट संबंध नाही, हे मान्य आहे. पण त्या दीड तासात फोन लागला नाही म्हणून कोणी कोणावर रागावत नाही, कारण वेळ सगळ्यांना ठाऊक असते. 'फोन लागत नाही' हे निपाणीच्या काकांना तीन दिवस सोसावे लागले, ते आधी सांगितले गेले नव्हते म्हणून.

खानापूरच्या पश्चिम भागातील रहिवासी

मी भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या एका गावात राहतो आणि घरात दोन खोल्या पाहुण्यांना देतो. हे लिहिण्यासाठी मी जांबोटीला आलो आहे.

आमच्याकडे येणारे पाहुणे 'इथे रेंज नाही, किती शांत वाटतं' असे म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटते. त्यांच्यासाठी ती दोन दिवसांची शांतता आहे. आमच्याकडे कोणाला साप चावला किंवा बाळंतपण अडले, तर माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि रेंज सापडेल त्या टेकाडावर चढून १०८ ला फोन लावावा लागतो. फोन न लागणे ही चैन समजून कोणी बोलू नये, एवढी माझी विनंती आहे. आम्हाला टॉवर हवा आहे.

मात्र धागाकर्त्या ताईंच्या मुद्द्याला माझ्या अनुभवातून एक पुष्टी देता येईल. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी जांबोटीतील एका ओळखीच्या दुकानाचा क्रमांक देतो आणि घरी कळवून ठेवण्यास सांगतो. तिथे निरोप आला की दुकानदार तो चिठ्ठीवर लिहून संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो, आणि बसथांब्यापासून आमचे कोणीतरी पोर ती चिठ्ठी घेऊन येते. सात वर्षांत त्या मार्गाने फक्त दोन चिठ्ठ्या आल्या. दोन्ही मृत्यूच्या होत्या. त्याच पाहुण्यांना टेकाडावर रेंज मिळाली की वीस-वीस निरोप येऊन पडतात, ते मी पाहतो. दुकानदाराला सांगून, त्याच्याकडून लिहून घेऊन, बसने पाठवण्याइतके महत्त्वाचे त्यातले काहीच नसते.

आणखी एक सांगतो. देवराईत किंवा धबधब्याकाठी फोन स्पीकरवर ठेवून मोठमोठ्याने बोलू नये. मागे उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या कार्यालयातील भांडण ऐकण्याची इच्छा नसते.

धागाकर्ती, बेळगाव

खानापूरच्या दादांची चिठ्ठीची गोष्ट वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. रेंज नसणे ही चैन नाही, हे त्यांचे म्हणणे मी पूर्ण मान्य करते. मी 'शांतता' हा शब्द वापरला नव्हता, पण तिथे गेल्यावर मनात तोच होता.

निपाणीच्या काकांना सांगायचे आहे की तुमचा हक्क मला मान्य आहे आणि त्यासाठी मुलाचा फोन सतत चालू असण्याची गरज नाही. फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' ही सोय असते. त्यात आईवडिलांचे क्रमांक वगळून ठेवता येतात, म्हणजे बाकी सगळे फोन मुके राहतात आणि तुमचा वाजतो. शिवाय त्याच क्रमांकावरून लागोपाठ दुसरा फोन आला, तर तो वाजू देण्याचीही सोय असते. आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत आणि अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आत. ती चालू केली आहे का, हे मुलाने निघण्यापूर्वी पाहावे. तुमच्याकडे साधा बटणांचा फोन असला तरी चालेल, तुम्ही फक्त दोनदा लावायचा. जिथे रेंजच नाही, तिथे याचा उपयोग नाही. तिथे मुक्कामाच्या जागेचा क्रमांक घरी लिहून ठेवणे हाच मार्ग राहतो.

निपाणीचे एक ज्येष्ठ वाचक

दोनदा लावायचे, हे लक्षात ठेवीन. सौभाग्यवती मात्र चार वेळा लावतील.

उद्यमबागेतील फाउंड्रीचालक

धागाकर्त्या ताईंनी व्हॉल्व्हबद्दल जे लिहिले, ते मनाला लागले आणि खरे होते म्हणूनच लागले. काल सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून मी दोन्ही व्हॉल्व्हना वेगवेगळे रंग दिले आणि दोन पोरांच्या हातून ते चार वेळा उघड-बंद करून घेतले. बोलावले तो त्याच्या सुट्टीचाच दिवस होता, हे लिहिताना लक्षात येत आहे. त्याची बदली सुट्टी देईन.

तरीही माझे मत मी बदललेले नाही. कारखान्यात रंग देऊन ठेवता येतील अशा गोष्टी थोड्या असतात. पॅनेलमध्ये एखादी तार जळल्याचा वास आला, तर कुठून येतो हे त्याच्याच नाकाला कळते, आणि दुसरा इलेक्ट्रिशियन ठेवण्याची माझी ऐपत नाही. दिवाळीत तो आठ दिवस सासुरवाडीला जाणार आहे. त्या आठ दिवसांत मी त्याला किरकोळ कामासाठी फोन करणार नाही, हे इथे सर्वांसमोर लिहून देतो. अजिबात करणार नाही, असे मात्र मी लिहून देऊ शकत नाही.